परकार मॅडमची दुपारची मुलं

परकार मॅडमनी सांगायला घेतलेला विनोद कधी पुरा व्हायचा नाही. शेवट त्यांना माहीत असायचा आणि त्या शेवटाचं हसू त्यांना अर्ध्या वाटेतच गाठायचं. मग डोळे मिटायचे, खांदे हलायचे, हातातला चहा बशीत सांडायचा आणि शेवटी "जाऊ दे गो, नंतर सांगते" एवढंच बाहेर पडायचं. ते नंतर कधीच आलं नाही. पण आम्ही स्टाफरूममधले सगळे, ओमानी, केरळचे, फिलिपिनो, न ऐकलेल्या विनोदावर पोट धरून हसलेलो असायचो.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी मस्कतला आले आणि रुसैलच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका खासगी कॉलेजात गणित शिकवायला लागले. पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये वर्ग शोधत होते. समोरून एक बुटक्या, गोऱ्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या बाई आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मराठी ना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"वर्ग सापडत नाही, तरी कुणाला विचारत नाहीस. गाव कुठलं?"

"सांगली."

"ये सांगली, मी दाखवते."

त्या दिवसापासून मी सांगलीच झाले. मॅडम सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारायच्या. त्याचं कारण व्यवहाराचं होतं. एकेका वर्गात इतके मोहम्मद असायचे की नावानं हाक मारली की निम्मा वर्ग वळून बघायचा. "ए निझवा, यल्ला, तास सुरू झाला! सोहार, तुझा भाऊ आला की नाही इस्पितळातून? दाभोळ, केस काप रे बाबा." ओमानी मुलांना याची इतकी गंमत वाटायची की सुट्टीहून आली की ती गावची खबर घेऊन थेट मॅडमच्या खोलीत जायची. कुणाच्या घरची खजुराची झाडं कशी लागली, कुणाच्या आजीचा गुडघा कसा आहे, हे सगळं मॅडमना ठाऊक असायचं.

त्या स्वतः दाभोळच्या खाडीकाठच्या. परकार साहेबांचं मस्कतच्या रुवी भागात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. ते अगदी अबोल. दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्या आणि पुढे विद्यार्थी विभागाच्या प्रमुख झाल्या. विद्यार्थ्यांचं जे काही असेल, म्हणजे हजेरी, व्हिसा, भांडणं, रडणं, ते सगळं त्यांच्या खोलीत यायचं. अरबी त्या बोलून बोलून शिकल्या होत्या. त्यांच्या अरबीला कोकणी हेल होता आणि त्यात मधूनच "काय गो" शिरायचं. समोरच्याला ते अरबीच वाटायचं.

पण मी सांगणार आहे ते त्यांच्या दुपारच्या मुलांविषयी.

रुसैलच्या कारखान्यांत आणि गोदामांत आपली माणसं पुष्कळ. वेल्डर, फिटर, क्रेन चालवणारे, स्टोअर सांभाळणारे. त्यातली बायकामुलांना घेऊन राहणारी बहुतेक माबेलाला, कारण तिथं भाडं परवडतं. त्यांची मुलं भारतीय शाळेत बारावी होतात. मग पेच पडतो. ज्यांना जमतं ते मुलांना पुण्या-मुंबईला धाडतात. ज्यांना जमत नाही त्यांची मुलं एखाद्या मोबाइलच्या दुकानात उभी राहतात, नाहीतर घरी बसतात. मॅडमना हे बघवलं नाही. आमचं कॉलेज मुख्यतः ओमानी मुलांसाठी. दुपारनंतर वर्ग रिकामे पडायचे. मॅडमनी वर्षभर पाठीस लागून, कमी फीची एक दुपारची तुकडी सुरू करवून घेतली. जेमतेम वीस-बावीस मुलं. रत्नागिरीची, रायगडची, दोन-चार सोलापूर-लातूरकडची, काही केरळी. ज्या दिवशी तुकडी सुरू झाली त्या दिवशी सभागृहात आईबाप आले होते. कामावरून परस्पर आलेले, काहींच्या अंगावर अजून कंपनीचे निळे कपडे. तिथं कॉलेजच्या वतीनं मॅडम बोलल्या. "तुमचं पोर पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत कॉलेज त्याच्या पाठीशी राहील." आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत. एका बापानं उभं राहून विचारलं, "मॅडम, शब्द ना?" मॅडम म्हणाल्या, "शब्द."

आणि दोन-अडीच वर्षांनी व्हिसाचे नियम बदलले.

त्यात वावगं काही नव्हतं. प्रत्येक देश आपले नियम करतो आणि वेळोवेळी बदलतो. पण आमच्या मुलांसाठी त्याचा अर्थ असा होता की सज्ञान झालेल्या मुलाला आता बापाच्या व्हिसावर राहता येणार नाही. त्याला विद्यार्थी म्हणून स्वतःचा व्हिसा हवा, तो कॉलेजनं काढून द्यायला हवा, आणि तो पूर्ण वेळ शिकणाऱ्यालाच मिळणार. दुपारची तुकडी त्यात बसत नव्हती. कॉलेजच्या ट्रस्टींमध्ये बोलणं सुरू झालं की वीस पोरांसाठी एवढी जबाबदारी कशाला घ्यायची? तुकडी बंद करावी.

पहिला फटका यशला बसणार होता. यश गुहागरकडचा, जन्मला मस्कतमध्ये. वडील रुसैलला वेल्डर. तिसऱ्या वर्षाला होता, गणितात असा की मी फळ्यावर चुकले तर हळूच हात वर करून "मिस, साइन चेंज" म्हणायचा. मराठी बोलताना अडखळायचा. तो मॅडमच्या खोलीत आला तेव्हा मी तिथंच होते.

"मॅडम, मला... परत पाठवणार. पण परत म्हणजे कुठे? मी तिकडे फक्त सुट्टीत जातो. चुलत्याकडे."

"तुला कुणी सांगितलं पाठवणार म्हणून?"

"सगळे बोलतात."

"सगळ्यांनी नियम वाचला?"

"नाही."

"मग आधी वाचायचा, मग रडायचं. बस. खजूर खा."

हे त्यांचं नेहमीचं. कुणी घाबरून आलं की आधी खायला, मग वाचायला. त्यांनी अरबीतला नियम त्याला ओळीओळीनं समजावून सांगितला. त्यात पळवाट नव्हती. मॅडमनी तसं सरळ सांगितलं. "हे बघ, कॉलेजनं तुला सकाळच्या पूर्ण वेळाच्या वर्गात घेतलं आणि व्हिसा काढून दिला तरच तू राहशील. म्हणजे आता सरकारशी काही काम नाही. काम आपल्याच लोकांशी आहे. ते मी बघते."

तो गेल्यावर मात्र त्यांनी खजुराची ताटली बाजूला सारली. "सांगली," म्हणाल्या, "मी त्या बापाला शब्द दिलाय गो. माझ्या तोंडानं."

आमचे डीन डॉ. सालिम. उंच, शांत, कायम कडक इस्त्रीचा पांढरा झगा. मॅडम मला बरोबर घेऊन गेल्या, बहुधा साक्षीदार म्हणून. डीननी सगळं ऐकून घेतलं आणि ट्रस्टींच्या अडचणी एकेक करून सांगितल्या. व्हिसाची जबाबदारी, सकाळच्या वर्गातल्या जागा, बाकीच्या पालकांचं म्हणणं. सगळं खरं होतं. मॅडम मध्येच म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पुण्यात शिकलात ना?"

"हो."

"परदेशी विद्यार्थी म्हणून?"

"अर्थात."

"तिथं कधी अडला नव्हतात?"

डॉ. सालिम पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी सांगितलं. पुण्यात पहिल्याच वर्षी त्यांच्या नोंदणीच्या कागदात काहीतरी घोळ झाला. परीक्षा तोंडावर आणि यांना परत जायची पाळी आली. वय अठरा-एकोणीस, भाषा येत नाही. तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य, धोतर-कोट घालणारे म्हातारे गृहस्थ, यांना स्कूटरवर मागे बसवून कचेरीत घेऊन गेले आणि दिवसभर रांगेत यांच्याबरोबर उभे राहिले. "दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी मला दिली," डीन म्हणाले. "त्यांना माझ्यासाठी हे करायची काही गरज नव्हती."

  मग डॉ. सालिम आमच्याकडे बघून चक्क मराठीत म्हणाले, "बघतो मी."

बाहेर आल्यावर मॅडमनी माझा दंड घट्ट धरला. "‘बघतो मी’ म्हणाला! आता गो? ओमानी माणूस बघतो म्हणाला तर काम झालं. पण पुण्यात शिकलेला माणूस बघतो म्हणाला तर काय समजायचं?" आणि त्यांना हसू फुटलं. त्या भिंतीला टेकून हसत राहिल्या आणि डोळे पुसत राहिल्या. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं.

डीननी खरंच बघितलं. ट्रस्टींच्या बैठकीत या विषयाला वेळ दिला आणि मॅडमना बोलायला बोलावलं. मॅडम म्हणाल्या, मी बोलणार नाही, माझी दोन मुलं बोलतील. एक यश. दुसरी शम्सा.

शम्सा इब्राजवळच्या एका खेड्यातली ओमानी मुलगी. हुशार, फटकळ, आणि गणिताला जाम घाबरणारी. मॅडमनी वर्षभरापूर्वीच तिची आणि यशची जोडी लावून दिली होती. संध्याकाळी लायब्ररीत चार-पाच ओमानी मुली आणि चार-पाच दुपारची मुलं बसायची. यांनी त्यांना गणित शिकवायचं, त्यांनी यांना अरबी. मॅडम शेजारच्या टेबलावर शेंगा सोलत बसायच्या, लायब्ररीत खायला बंदी असताना.

बैठकीच्या दिवशी मॅडम आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये. मॅडमना बसवेना. त्यांनी मला खाडीतली मासळी आणि समुद्रातली मासळी यांतला फरक सांगितला, सुरमईला लोक उगाच डोक्यावर घेतात हे सांगितलं, मग एकदम "आत काय चाललंय?" म्हणून दाराला कान लावला. तेवढ्यात आतून हास्याचा मोठा लोट आला. मॅडमचा चेहरा पडला. "हसतायत गो माझ्या पोराला."

झालं होतं ते नंतर शम्सानं सांगितलं. यशनं इंग्रजी भाषण पाठ केलं होतं. उभा राहिला आणि सगळं विसरला. मग घाबरून अरबीत बोलायला लागला. पण त्याचं अरबी सगळं शम्साकडून ऐकलेलं. ती स्वतःविषयी बोलताना ‘अना तालिबा’ म्हणायची, म्हणजे मी विद्यार्थिनी. यशनं छाती पुढे काढून सगळ्या ट्रस्टींना ठणकावून सांगितलं, "मी इथली विद्यार्थिनी आहे!"

सगळी बैठक कोसळली. सगळ्यात वयस्क ट्रस्टी, पांढऱ्या दाढीचे, हसून हसून काठीवर वाकले. मग त्यांनी त्याला जवळ बोलावलं. "तालिब," म्हणाले. "तू तालिब. पुन्हा म्हण." यश म्हणाला. "आता पुढचं सांग." आणि एकेक वाक्य ते सुधारत गेले, एकेक वाक्य तो सांगत गेला. माझा जन्म इथं झाला. माझे वडील इथं काम करतात. मला माझा अभ्यास इथं संपवायचा आहे. मग कुणी न विचारता शम्सा उभी राहिली. "हा गेला तर मी गणितात नापास होईन," म्हणाली, "आणि मी नापास झाले तर माझे वडील इथं येतील, तेव्हा त्यांच्याशी तुम्ही बोला."

दार उघडलं तेव्हा डॉ. सालिम सगळ्यांत आधी बाहेर आले. मॅडमकडे बघून त्यांनी मान हलवली. दुपारची तुकडी बंद, पण मुलं सगळी सकाळच्या वर्गांत जाणार. व्हिसा कॉलेज काढणार. अट एकच, प्रत्येकानं अरबी शिकायचं, आणि कोणाकडून शिकायचं ते जरा विचार करून ठरवायचं. शेवटचं वाक्य त्या म्हाताऱ्या ट्रस्टींचं होतं.

मॅडम कॉरिडॉरमधल्या बाकावर मटकन बसल्या आणि "खलास!" म्हणाल्या, अरबीतलं खलास, म्हणजे झालं काम. त्यांच्या तोंडून एवढा आनंदाचा खलास मी कधी ऐकला नव्हता.

सगळंच गोड झालं असं नाही. दोन मुलांच्या बापांची कंपनी त्याच वर्षी बंद पडली आणि ती कुटुंबं गावी गेली. मॅडम आठवडाभर रत्नागिरी-चिपळूणच्या कॉलेजांना फोन करत बसल्या होत्या. "तुमच्याकडे एक हिरा धाडतेय, नीट सांभाळा" असं त्या दोघांविषयी वेगवेगळ्या प्राचार्यांना सांगताना मी ऐकलंय. दोघांची वर्षं वाचली.

बाकीच्यांना सकाळचं कॉलेज म्हणजे नवीच अडचण. बापांच्या गाड्या पहाटेच कामावर जायच्या. माबेलाहून यायचं कसं? मॅडमनी उत्साहानं जाहीर केलं की चौघांना मी आणते. इथं त्यांच्या गाडी चालवण्याविषयी सांगायला हवं. मॅडम हायवेवर उजव्या, म्हणजे तिथल्या संथ लेनमधून अशा चालवायच्या की पाण्याचे टँकर हॉर्न वाजवून पुढे जायचे. आरशात कधी बघायच्या नाहीत. "मागे काय चाललंय ते मागच्यांनी बघावं" हे त्यांचं मत. मुलं रोज पहिल्या तासाला उशिरा. पहिला तास माझा. मी रागवले की चारही जण गप्प उभे राहायचे, मॅडमवर कुणी घालायचं नाही. एक दिवस यशनं धीर करून विचारलं, "मॅडम, मी चालवू का?"

"लायसन्स आहे?"

"शिकतोय."

"मग नीट शिक. माझ्याकडे बघून नको."

पुढे पालकांनीच आपसात ठरवून एक मोठी गाडी केली. मॅडमना वाईट वाटलं. मुलांना वाटलं नाही.

यश पदवीधर झाला. आता सोहारला नोकरी करतो. त्याचे वडील समारंभाला आले होते. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग असलेले हात मागे बांधून उभे होते. मॅडम पुढे झाल्या तेव्हा त्यांनी ते हात पुढे आणून जोडले. मॅडमच म्हणाल्या, "मीच दिला होता ना शब्द? चला, जेवायला चला, बिर्याणी गार होते."

आणि मग मॅडमची स्वतःची पाळी आली. विद्यार्थी विभागाच्या प्रमुखपदी यापुढे ओमानी माणूस असावा असं ठरलं. ही बातमी मला त्यांनीच दिली, चहाच्या वेळी, वाटाण्याच्या शेंगा आणल्या म्हणून सांगावं तशी. मी चिडले. एवढं केलंत आणि हे फळ?

"अगं, देश त्यांचा आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या गावच्या शाळेत सगळे बाहेरचेच मास्तर बसवले असते, तर मी टाळ्या पिटल्या असत्या का? त्यांच्या पोरी शिकल्या, त्यांनी काम करू नये?"

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. खुर्चीचं नाही वाटत. सकाळी उठून कुठे जायचं, त्याचं वाटतं." त्यांनी बशी पुसली. "पण मी डीनला एकच मागितलंय. माझ्या जागी कोण ते मला सुचवू दे."

त्यांनी शम्साचं नाव सुचवलं. ती तेव्हा पदवीनंतर दुसऱ्या एका कचेरीत लागली होती. कॉलेजनं तिला बोलावलं आणि मॅडमनी तिला तयार केलं. तयार करण्याची त्यांची रीत अशी की टेबलावर बसून काही शिकवायचं नाही. रोज संध्याकाळी गाडी काढायची, शम्सानं चालवायची, आणि मुलांच्या घरी जायचं. "घर बघितल्याशिवाय पोर कळत नाही," त्या तिला सांगायच्या.

एकदा मी बरोबर होते. माबेलाला एका नव्या विद्यार्थिनीकडे, राजापूरच्या कुटुंबात. दोन खोल्यांत सात माणसं. जमिनीवर चादर अंथरून जेवण वाढलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची लालभडक चटणी. शम्सा अबाया सावरून मांडी घालून बसली, एक घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. घरची बाई घाबरली, पाणी आणायला धावली. शम्सानं हातानं थांबवलं, दुसरा घास घेतला, मग तिसरा. नाक पुसत त्या मुलीच्या आईला अरबीत विचारत होती, तुमची मुलगी रात्री अभ्यासाला कुठे बसते? दिवा आहे का? एवढ्या गडबडीत तिला शांतता कुठे मिळते? मॅडम भाषांतर करत होत्या. करता करता त्या थांबल्या आणि शम्साकडे बघत राहिल्या. मला वाटतं, आपलं इथलं काम संपलं हे त्यांना त्या क्षणी पटलं.

दुसऱ्या आठवड्यात शम्सानं स्वतःहून संध्याकाळी लायब्ररी उशिरापर्यंत उघडी ठेवायची परवानगी मिळवली. मॅडमना विचारलंसुद्धा नाही. मॅडम दिवसभर प्रत्येकाला ते सांगत फिरत होत्या. "मला विचारलं नाही गो तिनं! विचारलंच नाही!"

निरोपाचा कार्यक्रम त्यांनी सभागृहात होऊ दिला नाही. भाषणं ऐकून मला झोप येते, म्हणाल्या. मग शम्साच्या घरच्यांनी आम्हा सगळ्यांना एका शुक्रवारी गावी बोलावलं. इब्राच्या पुढे, डोंगरांच्या कुशीत खजुराच्या बागा आणि बागांमधून वाहणारा फलज, म्हणजे डोंगरातून आणलेल्या पाण्याचा पाट. थंडीचे दिवस, कोवळं ऊन. पुरुषमंडळी भात-मांसाच्या मोठ्या थाळ्यांभोवती बसली होती. यश सोहारहून आला होता, शम्साच्या वडिलांशी अस्खलित अरबीत गप्पा मारत होता. परकार साहेब त्यांच्या शेजारी, नेहमीप्रमाणे ऐकत.

मला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. निघताना मॅडमना शोधत बागेत गेले. त्या पाटाच्या काठावर, सलवार गुडघ्यापर्यंत वर करून, पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. त्यांच्या एका बाजूला शम्साची आजी, दुसऱ्या बाजूला आळीतल्या तीन-चार बायका, सगळ्यांचे पाय पाण्यात. त्या पाण्यात बारीक मासे असतात, ते येऊन पायाला टोचे मारतात. एकेक मासा आला की मॅडम "आई गं!" म्हणून पाय उचलायच्या आणि त्या सगळ्या बायका खिदळायच्या. आजीनं त्यांचा घोटा धरून पाय पुन्हा पाण्यात दाबून धरला होता.

"मॅडम, निघते मी," मी लांबूनच म्हणाले.

त्यांनी मान वळवली, हात हलवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मासा चावला.